सगळी कुत्री माझ्याकडे पाठवू नका

ती. दादास,


तुझं पत्र मिळालं. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा आणि परत तिथे सोडू नका, असा सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश दिला. तो वाचून तू लिहिलंस, ‘मग आमच्या गल्लीतलीही घेऊन जा, एकदाचं सुटू.’ नातू क्लासहून येईपर्यंत तुझा जीव थाऱ्यावर नसतो, हेही लिहिलंस. तुझी भीती खरी आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मी तुला सांगायला नको. म्हणून आधी इथे आमच्या शेल्टरमध्ये दिवस कसा जातो ते सांगते.

सकाळी फाटक उघडलं की अंगावर उड्या मारणाऱ्यांना बाजूला सारून मी आधी शोधते, आज कोण उठलं नाही. मग पिल्लांची खोली. झाडायच्या आधी तिथली शी बघायची. रक्ताची आणि उग्र वासाची असली, तर बहुधा पार्व्हो. मग ते पिल्लू वेगळं ठेवून सलाईन लावायचं आणि फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायची, कारण हा विषाणू साध्या फिनेलला दाद देत नाही आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. त्या खोलीतल्या चपला बाहेर येत नाहीत.

मग ट्रकखाली सापडून कंबर गेलेल्यांची पाळी. त्यांना आपसूक लघवी होत नाही. पोटावर हलक्या हाताने दाब देऊन ती दिवसातून दोन-तीनदा काढावी लागते, कूस बदलावी लागते, नाहीतर हाडापर्यंत जखमा होतात. एकीकडे चुलीवर मोठ्या पातेल्यात तांदळाची कणी, कोंबडीच्या माना आणि पाय शिजत असतात. हळद घालायची, कांदा नाही. दुपारी डॉक्टर आले की ड्रेसिंग. पावसाळ्यात साध्या ओरखड्यातही माशी बसून अळ्या पडतात, त्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात. मिलनातून पसरणाऱ्या गाठीच्या कॅन्सरला आठवड्याला एक इंजेक्शन देतात, आणि काही आठवड्यांत बहुतेक कुत्री बरी होतात. रोजच्या कामात एवढा निर्भेळ आनंद देणारं दुसरं काही नाही.

आम्ही मारत नाही, म्हणजे जागा नाही किंवा कोणी दत्तक घेत नाही म्हणून कोणाचा जीव घेत नाही. पण जो वाचणारच नाही आणि ज्याच्या कळा औषधानेही थांबत नाहीत, त्याला डॉक्टरांनी तपासून शांतपणे जाऊ देण्याची मुभा नियमांतच आहे, आणि तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते. ज्याच्यावर रेबीजचा संशय असतो, त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतो आणि लस घेतलेला माणूसच त्याचं बघतो.

आता तुझ्या गल्लीकडे येते. दादा, दवाखाना आजाऱ्यांसाठी असतो, सगळ्या गावाला तिथे राहायला नेत नाहीत. धडधाकट कुत्री इथे कोंबली, तर जागेवरून आणि अन्नावरून ती एकमेकांना फाडतील. एक खोकला डिस्टेंपर घेऊन आला, तर रांगेने सगळी आजारी पडतील. न मारण्याचं व्रत घेऊन मी त्यांना हळूहळू मरायला ठेवीन, आणि कंबर मोडलेलीला जागा उरणार नाही. दिल्लीसाठी ११ ऑगस्ट २०२५ रोजी सगळी कुत्री उचलण्याचा आदेश निघाला होता. तोही न्यायालयाने ११ दिवसांत बदलला. नसबंदी करून, लस टोचून आपल्याच भागात सोडा, रेबीजची आणि चावरी तेवढी ठेवा, असं सांगितलं.

मारून प्रश्न सुटतो असंही नाही. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्यावरून पारशी समाजाने दंगा केला होता, इतकी जुनी ही मोहीम. त्यानंतरही कित्येक वर्षं महापालिका कुत्री मारत राहिली आणि कुत्री होतच राहिली. उकिरडा जागेवर असला की एक टोळी गेली तरी दुसरी येते, आणि येणारीला लस टोचलेली असेलच असं नाही. उलट कानाला खाच असलेली कुत्री म्हणजे नसबंदी झालेली. ती त्या भागात टिकली, दरवर्षी लस घेत राहिली, तर पिल्लं वाढत नाहीत, आणि पिल्लांसाठी अंगावर धावून येणारी आईही उरत नाही.

तेव्हा तुझ्याकडून मला हे हवं आहे. सोसायटीच्या बैठकीत बोल. कचऱ्याचे डबे झाकणाचे घ्या. गल्लीत कान न कापलेल्या माद्या किती ते बघून महापालिकेच्या नसबंदी केंद्राला लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मला फोन कर, मी स्वतः येते. नातवाला शिकव, कुत्रा जवळ आला की पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगालगत ठेवून उभं राहायचं. आणि कधी चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची काही लावायचं नाही, तडक सरकारी रुग्णालयात जायचं आणि सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं घ्यायची.

गल्लीत एखादं गाडीखाली आलं, तर मात्र रात्री-अपरात्रीही कळव. त्याच्यासाठी माझ्याकडे जागा आहे, आणि ती राहावी म्हणूनच हे सगळं लिहिलं.

वहिनीला नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझी धाकटी बहीण