बांगलादेशाच्या पाण्यावरची टिपणे

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या आणि एक कोटीहून जास्त घरांतल्या आयांना जुलाबावरचं हे पाणी करायला शिकवलं. मीठ तीन बोटांच्या चिमटीत किती घ्यायचं, हे आईनं स्वतः करून दाखवायचं. अर्धा शेर पाणी कुठवर येतं, त्याची खूण तिच्याच घरातल्या भांड्यावर करायची. तयार पुड्या वाटत बसल्या नाहीत, कारण मीठ-गूळ घरात होतंच.

*

त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट पगाराची आहे. साधारण महिन्याभरानं दुसरी माणसं त्यातल्या काही घरांत जायची. आईला काय आठवतंय ते विचारायची, तिच्याकडून पाणी करवून घ्यायची आणि त्यातलं मीठ प्रयोगशाळेत तपासायची. शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरे. किती घरं केली याचे पैसे नव्हते, आईच्या ध्यानात किती राहिलं याचे होते.

तरीही घरात मूल आजारी पडलं की हे पाणी कमीच दिलं जाई. शोध घेतला तेव्हा कळलं, की कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग आधी कार्यकर्त्यांना समजावलं आणि पुरुषांना गाठायला मशिदीत आणि बाजारात माणसं पाठवली.

*

तळ्याचं पाणी पिऊन मुलं दगावतात म्हणून १९७०नंतर युनिसेफच्या मदतीनं गावोगाव नळविहिरी बसल्या. हेतू चांगला होता आणि पाण्यात रोगजंतूही नव्हते. आर्सेनिक मात्र कुणी तपासलं नाही. ते १९९३मध्ये उघड झालं. पुढे सुमारे ५० लाख नळविहिरी तपासून हातपंपांना रंग दिला: हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. जवळपास १४ लाख पंप लाल निघाले. हे विष पाणी उकळून जात नाही, त्याला वास नाही की चव नाही. तळहातावर खरखरीत गाठी येतात तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. रंग उडतो, शेजारी नवी विहीर खोदली जाते, तिची तपासणी पुन्हा कुणी करायची?

*

मतलब नावाच्या भागात बायकांना पाणी जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्यांतून गाळायला सांगितलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात. ते जीव कापडात अडकतात. वापरून विसविशीत झालेली साडी नव्या कापडाहून बरी, कारण तिची वीण दाटते. कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. संशोधक पाच वर्षांनी परत गेले, तेव्हा साधारण एक तृतीयांश बायका अजून पाणी गाळत होत्या. हंड्यावर फडकं बांधून पाणी भरणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

*

राजशाहीजवळचं मोसमोइल गाव, साल २०००. कोलकात्याचे कमल कर यांनी संडासासाठी पैसे देऊ केले नाहीत. गावकऱ्यांनाच जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावून कोण कुठे बसतं ते दाखवायला सांगितलं. माश्या तिथून ताटात येतात, हे लोकांनी स्वतःच ओळखलं आणि खड्डे स्वतः खणले. १९९०मध्ये बांगलादेशात तीनातला एक माणूस उघड्यावर जात होता. २०१५पर्यंत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. यात सरकारचा आणि अनेक संस्थांचा वाटा आहे.

पण लाज हे हत्यार जपून वापरावं. आपल्याकडे ‘गुड मॉर्निंग पथकं’ टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवत होती. जिच्याकडे खड्ड्यापुरतीही जागा नाही, त्या म्हातारीनं काय करायचं? तिला आधी जागा आणि पाणी मिळायला हवं.

*

अशा कामासाठी देणगी मागायला येणाऱ्याला एवढं जरूर विचारावं: पाचव्या वर्षी पाणी कोण तपासणार, पंपाचा वायसर कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार? ज्या संस्थेकडे याचं उत्तर तयार आहे, तिला हात आखडता न घेता द्यावं.