टेंभी नाक्यावरचे घर

टेंभी नाक्यावर भाड्याचे घर शोधायची सुरुवात आता मोबाइलवर होते. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, नोब्रोकर ही नावे ठाणेकरांच्या तोंडी बसली आहेत. तिथे नुसते 'ठाणे पश्चिम' लिहिले की घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे एकामागून एक उभे राहतात आणि नाक्यावरची जुनी तिमजली इमारत त्या गर्दीत दिसेनाशी होते. तिला शोधून काढायचे तर फिल्टर नीट लावावे लागतात.

पहिला फिल्टर जागेचा, आणि तो नावापाशीच अडतो. रोमन लिपीत 'टेंभी' लिहिताना कोणी एच ठेवतो, कोणी गाळतो, कोणी नाका त्यालाच जोडून टाकतो. शिवाय हाच पत्ता चरई, खारकर आळी, जांभळी नाका किंवा नुसता 'स्टेशनजवळ' म्हणूनही दिला जातो. ही सगळी नावे एकेक करून घालावीत, 400601 हा पिनकोडही घालून पाहावा.

भाड्याची मर्यादा खिशापेक्षा थोडी वर ठेवावी; सांगितलेले भाडे बोलण्यात खाली येते. लिफ्ट, पार्किंग, मजला, फर्निचर या खुणांना मात्र जपून हात लावावा. पुष्कळ घरमालक हे रकाने भरतच नाहीत, आणि रकाना रिकामा राहिला की त्या खुणेसरशी चांगले घर यादीतून गळते. जुन्या वस्तीचे नुकसान यातच सर्वांत जास्त होते. सकाळचे ऊन घेणारी खिडकी, दारासमोरचा रुंद व्हरांडा, हाकेच्या अंतरावरचा शेजार यांना रकानाच नाही. ते फोटोत शोधावे लागते. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळशीची कुंडी दिसते. तोच फोटो बोटांनी मोठा केला की छताच्या कोपऱ्यात ओलीचा पिवळट डागही दिसतो. तो आधी पाहावा. क्षेत्रफळ कार्पेट की बिल्ट-अप, हेही विचारून घ्यावे.

मग उरते ती चिकाटी. 'नवीन आधी' असा क्रम लावून यादी रोज सकाळी पाहावी, अलर्ट चालू ठेवावा आणि पाहिलेली घरे वहीत टिपावीत. एकच घर तीन एजंट तीन भाड्यांना दाखवतात. फरशीच्या नक्षीवरून ते ओळखू येते. जाहिरात बरेच दिवस पडून असेल तर मालक भाडे कमी करायला तयार असू शकतो. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नये. लीव्ह अँड लायसन्स करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, हे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक केले आहे.

एक गोष्ट मात्र कोणताच फिल्टर सांगत नाही. शिवसेनेचे ठाण्यातले दिवंगत नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवात हा नाका रात्री उशिरापर्यंत माणसांनी फुललेला असतो. इथे घर घ्यायचे असेल तर त्या नऊ दिवसांतल्या एका संध्याकाळी खिडकीत उभे राहून पाहावे, आणि मगच होकार द्यावा.