डब्यातल्या सहा गोळ्या

आमच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे, उरलेल्या औषधांचा. काही टाकून द्यायचे नाही, हा सासूबाईंच्या वेळचा शिरस्ता. तो औषधांनाही लागू झाला आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

कार्तिकात कापूसवेचणीच्या धांदलीत ह्यांच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या ७ दिवस, दिवसातून दोनदा, लिहून दिल्या. चौथ्या दिवशी सूज उतरली. गोळ्यांनी पोटही बिघडले होते. डॉक्टरांना न विचारता ह्यांनी त्या बंद केल्या. उरलेल्या ६ गोळ्या डब्यात गेल्या.

फाल्गुनात पैनगंगेपलीकडून, पांढरकवड्याहून भाचा आला. नाक वाहत होते, घसा दुखत होता, अंगात कणकण. रात्री नऊ वाजता डॉक्टर कुठे शोधायचा, म्हणून मी डबा उघडला. गोळी एकच दिली, तीही चार घास खाऊ घालून, अगदी मायेने.

अर्ध्या तासात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली. १०८ ला फोन केला. दवाखान्यात नेताच मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले. पहाटेपर्यंत मी त्याचा हात धरून बसले होते. तो वाचला, एवढेच लिहिते. त्या रात्रीबद्दल अधिक लिहवत नाही.

सकाळी वन्सं आल्या. म्हणाल्या, "वहिनी, लहानपणी पेनिसिलिनच्या सुईने त्याला असेच झाले होते. तुम्हांला सांगायचे राहूनच गेले." पण मी कुठे पेनिसिलिन दिले होते? तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातले. पाकिटावरचे नाव वेगळे, अक्षरे इंग्रजी. आमच्यासारख्या मराठी घराला ते नाते कळावे कसे? पाकिटावर उभी लाल रेघ मात्र होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, हा तिचा अर्थ. इतकी वर्षे ती मला नक्षीच वाटत आली!

बाईंनी रागावून नव्हे, समजावून सांगितले. सर्दी-पडसे आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविक चालतच नाही. म्हणजे जी गोळी त्याच्या जिवावर उठली होती, तिची त्याला गरजही नव्हती. ह्यांनाही त्यांनी सोडले नाही. बरे वाटले म्हणजे जंतू संपले असे नव्हे. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांनी ठरवावे, पोट बिघडले तर त्यांनाच विचारावे. खुद्द फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ सालचा. तिथले औषध आले तेव्हा आमच्या वडिलांना केवढा अभिमान वाटला होता! ते जपून वापरायचे असते, हे मात्र घरात कोणी बोलल्याचे आठवत नाही.

आणि प्रत्येक औषधाची तऱ्हा निराळी. आमच्या गोळ्या बारा-बारा तासांनी, जेवणाच्या आरंभी घ्यायच्या होत्या. चुलत सासूबाईंना डॉक्सिसायक्लिन दिले होते. सगळी औषधे दुधाबरोबर घ्यायची त्यांची सवय, नि वर लोहाची गोळी. दोन्हींमुळे ते औषध अंगी लागत नाही, हे कळायला आठवडा गेला. ते पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दुकानदाराला एवढे विचारायला तेलुगू फार यावे लागत नाही. आम्ही विचारीतच नव्हतो.

डबा रिकामा केला. आता त्यात सुया-दोरे असतात. भाच्याच्या पाकिटात एक चिठ्ठी घातली आहे, "पेनिसिलिन व त्या कुळातील औषधे चालत नाहीत." मराठी मी लिहिले, इंग्रजी ह्यांनी. तेलुगू ओळ शेजारच्या मुलीने लिहून दिली. तिचे अक्षर आम्हां दोघांपेक्षा चांगले आहे.