थांबणारा पडदा

दोन वर्षे आमच्या घरात एक विषय निषिद्ध होता. मुलाने अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षाला असताना सोडले. त्यानंतर मी त्याच्याशी जे बोललो ते बोलणे नव्हतेच, ते व्याख्यान होते. आणि त्याने जे ऐकले त्यालाही ऐकणे म्हणता येणार नाही. पुढे तो लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन करून देऊ लागला, स्वतःचा खर्च स्वतः भागवू लागला. पण रात्री त्याच्या खोलीच्या दाराखालून येणारा निळसर उजेड आणि कीबोर्डची टकटक एवढीच काय ती त्याची खबर मला मिळे. म्हणूनच २०२५ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो माझ्या पुस्तकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. पैसे माझेच आहेत, पण निवडताना तुम्ही बरोबर असलात तर बरं होईल," तेव्हा त्या वस्तूविषयी काडीची माहिती नसतानाही मी ताबडतोब होकार दिला. तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाचा या व्यवहारात काय उपयोग, हा प्रश्न मी विचारला नाही. त्यानेही उत्तर दिले नाही.

त्याची अडचण अशी होती. एका मित्राने विकायला काढलेला सत्तावीस इंची मॉनिटर त्याने वर्षभरापूर्वी घेतला होता. हा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. आपल्या कचेरीतले साधे पडदे हेच काम साठ वेळा करतात. परंतु पडदा कितीही चपळ असला तरी त्याला दाखवायला चित्रे लागतात, आणि ती काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. मुलाचे कार्ड जुने, चार जीबी स्मृतीचे. ते नव्या खेळांत धापा टाकू लागले होते.

मास्तरकीच्या सवयीने मी प्रथम वही काढली. पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके. म्हणजे एका चित्रात ३६,८६,४०० ठिपके. अशी सेकंदाला १४४ चित्रे हवीत, म्हणजे त्रेपन्न कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवायचा. एका चित्राच्या वाट्याला सात मिलिसेकंदही येत नाहीत. साठच्या पडद्यावर हाच अवधी साडेसोळा मिलिसेकंदांच्या थोडा पुढे जातो. आकडे पाहून मी थक्क झालो, आणि मग मनात असलेली शंका विचारलीच : चित्रपटाला सेकंदाला चोवीस चित्रे पुरतात, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हसल्यारडल्या, मग खेळाला एवढा हव्यास कशाला? त्याचे उत्तर नेमके होते. "चित्रपटात तुम्ही फक्त बघता. इथे हात तुमचा असतो. हात हलल्यापासून पडदा हलेपर्यंत जो वेळ जातो, तो जाणवतो." प्रेक्षक आणि कर्ता यांच्यातला हा भेद मी नाट्यशास्त्राच्या तासाला किती वेळा सांगितला असेल! तो माझ्याच घरातून, दुसऱ्याच वाटेने माझ्याकडे परत आला.

त्यानंतर चार संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्या खोलीत बसलो. तो परीक्षणे उघडी, मी वाचून दाखवी. ही परीक्षणे वाङ्मयीन परीक्षणांहून एका बाबतीत खचित प्रामाणिक वाटली : प्रत्येक कार्डापुढे ती दोन आकडे देतात. एक सरासरी वेग. दुसरा, सर्वांत संथ अशा एक टक्का चित्रांवरून काढलेला वेग. दुसऱ्याचे प्रयोजन मला पटकन कळेना, तेव्हा मुलाने माझ्याच वहीत हिशेब मांडला. समजा, एका सेकंदात १४३ चित्रे प्रत्येकी सहा मिलिसेकंदांत निघाली आणि एकच चित्र १४२ मिलिसेकंद अडले. बेरीज बरोबर एक सेकंद, सरासरी बरोबर १४४. तरीही खेळणाऱ्याला पडदा अडखळल्याचाच अनुभव येणार. मी म्हणालो, "म्हणजे यतिभंग." त्याने भुवया उंचावल्या. मग मी त्याला सांगितले की श्लोकात अक्षरे मोजून भरतात, गणही जुळतात, पण थांबण्याची जागा एखाद्या शब्दाच्या मध्येच आली की कान ठेचकाळतो. आणि बाकीच्या तीन चरणांच्या निर्दोषपणाने ती ठेच भरून येत नाही. लय सरासरीने सिद्ध होत नाही, ती ठायी ठायी सांभाळावी लागते. त्याने मान डोलावली. दोन वर्षांत माझ्या एखाद्या वाक्याला मिळालेली ती पहिली मान होती.

निवडीचा खरा पेच स्मृतीपाशी होता. त्याच्या आवाक्यात दोन कार्डे येत होती, आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी. दोन्ही २०२५ साली आलेली, आणि दोन्ही एकाच नावाखाली दोन रूपांत विकली जाणारी : एक आठ जीबीचे, एक सोळा जीबीचे. शब्द एक आणि अर्थ दोन, असा हा श्लेष आहे. मात्र काव्यातला श्लेष वाचकाला आनंद देतो आणि बाजारातला श्लेष बेसावध ग्राहकाच्या खिशाला चाट लावतो. खेळातल्या भिंती, कापड, पाने यांचे पोत कार्डाच्या स्मृतीत मावले नाहीत, तर ते संगणकाच्या मुख्य स्मृतीतून ने-आण करावे लागतात. ती वाट लांबची. अशा वेळी सरासरी फारशी ढळत नाही, पण तो एक टक्क्याचा आकडा कोसळतो. म्हणजे स्मृती कमी पडली की यती मोडतो. दोघांनीही एकाच वेळी सोळावर बोट ठेवले.

आणखी महाग कार्ड घ्यावे काय, असेही एकदा मनात आले. थोडी भर मी घालीन, असे मी म्हणालोही. मुलाने नकार दिला, आणि त्याचे कारण स्वाभिमानाचे नव्हते, शास्त्राचे होते. प्रत्येक चित्राआधी कोण कुठे उभे आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, हे प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्ड ते रंगवते. सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील तर प्रोसेसरलाही तेच सात मिलिसेकंद मिळतात. त्याचा प्रोसेसर मध्यम कुवतीचा. फार जोरकस कार्ड बसवले तर ते रंग कालवून नुसते बसून राहील. जुने कार्ड मदरबोर्डच्या खोबणीतून मिळणाऱ्या विजेवरच चाले, नव्याला वेगळी तार लागणार. त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे हेही त्याने आधीच पाहून ठेवले होते. ज्याला मी दोन वर्षे बेजबाबदार म्हणत होतो, तो माणूस मला त्या संध्याकाळी दिसला नाही.

मधल्या एका संध्याकाळी वादही झाला. २०२२ पासून कार्डांमध्ये एक नवी सोय आली आहे : दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये यंत्र स्वतःच्या अंदाजाने एक चित्र घालते. २०२५ च्या नव्या कार्डांनी ही संख्या तीनपर्यंत नेली. आकडा वाढतो, हालचाल गुळगुळीत दिसते. मी तत्काळ म्हणालो, हे तर प्रक्षिप्त! १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये म्हणून बजावून ठेवले, ते याच भयाने. मुलगा हसला. "तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच," तो म्हणाला. मधले चित्र काढायचे तर पुढचे खरे चित्र आधी हाती यावे लागते आणि तोवर ते रोखून धरावे लागते. म्हणून हाताला प्रतिसाद उलट थोडा उशिरा मिळतो. चढाओढीच्या खेळात हे परवडत नाही. पण एखाद्या कथाप्रधान खेळात, डोंगरातून संथ चालताना, ते कोणालाही खुपत नाही. "तुमच्या कीर्तनकारांनी घातलेल्या ओव्या लोकांना आवडल्याच ना?" यावर माझ्यापाशी उत्तर होते, पण ते मी दिले नाही. ऐकणे बरे चालले होते.

शेवटच्या संध्याकाळी त्याने मला चित्र फाटणे म्हणजे काय ते दाखवले. कार्ड आपल्या गतीने चित्रे काढते, पडदा आपल्या ठेक्याने ती दाखवतो. दोघांचा मेळ नसला की पडद्याच्या वरच्या भागात जुने चित्र आणि खालच्या भागात नवे, अशी स्थिती येते. खांबाचे डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे. जुना उपाय असा की कार्डाने पडद्याच्या ठेक्याची वाट पाहायची. साठच्या पडद्यावर चित्राला सतरा मिलिसेकंद लागले, म्हणजे ठेका निमिषमात्र चुकला, तर पुढच्या ठेक्यापर्यंत, तेहतीस मिलिसेकंदांपर्यंत, दाराबाहेर उभे राहायचे. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण तास बाहेर ठेवणारे शिक्षक मला आठवले. त्यांत मीही होतो. नवा उपाय उलटा आहे. एनव्हिडिया कंपनीने २०१३ मध्ये तो आपल्यापुरता आणला, २०१४ मध्ये तो डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या सार्वत्रिक मानकात आला, आणि २०१९ पासून त्या मानकाच्या पडद्यांवर एनव्हिडियाच्या कार्डांनाही तो वापरता येऊ लागला. मुलाने तो एका वाक्यात सांगितला : "आधी कार्डाला पडद्यासाठी थांबावं लागायचं. आता चित्र तयार होईपर्यंत पडदा थांबतो."

त्या वाक्यावर तो थांबला नाही, पुढे बोलत राहिला. मी मात्र तिथेच राहिलो.

रविवार सोडून आम्ही शनिवारी निघालो. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, आणि मग पायी लॅमिंग्टन रोड. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पाट्यांपुरतेच. दुकानात एक मॉनिटर चालू होता. आमच्या आवडीचे कार्ड आतून येईपर्यंत मुलाने त्यावर माझ्यासाठी मजकुराचे एक पान उघडले आणि ते चाकाने सरकवू लागला. "बघा, हलताना अक्षरं वाचता येतात का." येत होती. ओळी वर सरकत होत्या आणि मी त्या सरकत्या ओळी वाचत होतो. त्याचे कारणही त्याने सांगितले : साठच्या पडद्यावर प्रत्येक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांहून अधिक काळ जागीच खिळून राहते, आपला डोळा मात्र पुढे सरकत असतो, म्हणून अक्षरे फासटतात, इथे चित्र सातच्या आत बदलते. आम्ही सोळा जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी घेतले, बिलावर अनुक्रमांक नीट लिहिल्याची खात्री केली, आणि परतीच्या गाडीत तो खोका मी मांडीवर धरून बसलो.

घरी आल्यावर त्याने कॅबिनेट उघडले, तासाभरात कार्ड बसले. खेळ सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा १४० च्या पुढे नाचू लागला. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणीचा आनंद होता. "फरक दिसतोय ना, बाबा?"

हो म्हणणे किती सोपे होते! न भिडलेल्या कवितांना, त्या मोठ्या मानल्या जातात म्हणून, आपण सगळेच कधी ना कधी हो म्हटलेले आहे. आणि इथे तर पोराचा आनंद पणाला लागला होता. परंतु दोन वर्षांनी जुळलेले हे बोलणे खोट्यावर उभे करणे मला जमेना. मी म्हणालो, "मला नाही दिसत. दुकानात हलती अक्षरं वाचता येत होती. इथे बघ बरं."

त्याचा चेहरा उतरला. खेळ बंद करून त्याने एक पान उघडले, सरकवले. अक्षरे फासटली. त्याने पुन्हा सरकवले. मग डिस्प्लेची सेटिंग उघडली आणि खुर्चीत मागे रेलून डोक्याला हात लावला. तिथे साठ हा आकडा होता. मॉनिटर आल्या दिवसापासून साठवरच चालत होता. कोपऱ्यातला आकडा कार्डाने किती चित्रे काढली ते सांगतो, पडद्याने किती दाखवली ते सांगत नाही. "आकडा दिसत होता, म्हणून मी बघितलंच नाही," तो म्हणाला. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिले पाहिजे, असे मला वाटले.

त्याने ड्रॉवरमधून डिस्प्लेपोर्टची केबल काढून जोडली, सेटिंग बदलून १४४ केले. माऊसचा बाण नुसता फिरवला तरी फरक कळत होता. मग त्याने माझ्या एका जुन्या टिपणाची फाईल उघडली आणि सावकाश सरकवत विचारले, "आता?" मी सरकत्या ओळी मोठ्याने वाचू लागलो. तो आधी हसला, मग मी.

जेवणे झाल्यावर मी पुन्हा त्याच्या खोलीत गेलो. अभियांत्रिकी का सोडलेस, हे मी त्याला पूर्वी अनेकदा विचारले होते, आणि दर वेळी प्रश्नापाठोपाठ उत्तरही मीच दिले होते. या वेळी फक्त प्रश्न विचारला. त्याने पडद्याकडे पाहिले, कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. बराच वेळ काही बोलला नाही.

मी थांबलो.