बकुळाचं क्रिएटिनिन

मांजराला घरच्या घरी सलाईन लावतात, हे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. बकुळा आमच्याकडे आली तेव्हा चौदा वर्षांची होती. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मुलाकडे कायमच्या पुण्याला निघाल्या. तिथं सुनेला दमा, त्यामुळं मांजर नेणं शक्य नव्हतं. पिल्लू असतं तर कुणीही हौसेनं नेलं असतं. हाडं वर आलेली, सदानकदा पाण्याच्या वाटीशी बसलेली म्हातारी मांजर कोण घेणार? आमच्या घरात याआधी मांजर कधीच नव्हतं, पण काकूंचा चेहरा बघवेना. मी तिला घेऊन आले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 3.4 आलं. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, चारपैकी तिसरा टप्पा. माझी पाटी कोरी आहे हे ओळखून त्यांनी अगदी मुळापासून सांगितलं. मांजराचे पूर्वज रखरखीत मुलखातले. थोड्या पाण्यात भागावं म्हणून त्यांची मूत्रपिंडं लघवी फार घट्ट करतात. आजारात ही ताकद आधी जाते. लघवी पातळ आणि भरपूर होते, मग शरीर कोरडं पडू नये म्हणून जनावर सारखं पाणी पितं. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण 75 टक्के काम बंद झालेलं असतं. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळं तोवर घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

"मग बरी कधी होईल?" मी विचारलं.

"बरी नाही व्हायची, ताई. पण नीट सांभाळलं तर खाऊन-पिऊन चांगली राहील. काही मांजरं वर्षानुवर्षं राहतात."

बरं न होणाऱ्या दुखण्याला एवढी औषधं कशाला, हे कोडं घेऊन मी घरी आले. उलगडा सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यानं केला. त्यांच्या साखरेच्या गोळ्या जन्मभर चालल्या, आणि त्या बऱ्या कधी होणार असं आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी घरीच लावायला सांगितलेल्या सलाईननं मात्र माझं धाबं दणाणलं होतं. रिंगर लॅक्टेटची पिशवी आधी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची आणि खिडकीच्या गजाला उंच टांगायची. बकुळा मांडीवर. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीत. शीर शोधावी लागत नाही. पहिल्यांदा माझे हात इतके कापत होते की आमच्या ह्यांनी नळीचं चाक धरलं. डॉक्टरांनी सांगितलेलं शंभर मिली आत गेलं आणि तिच्या पाठीवर लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी घाबरून फोन केला. ते म्हणाले, "ते पाणीच आहे, हळूहळू जिरतंय." संध्याकाळपर्यंत टेंगूळ ओघळून पुढच्या पायाशी आलं आणि मग दिसेनासं झालं. रात्री बकुळानं आपणहून खाल्लं.

आमचं कोल्हापूर म्हशींचं गाव. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिऊन वाढलेली माणसं ही! जो येतो तो सांगतो, "वहिनी, हिला दूध द्या की, अंग धरंल." पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. जुलाब झाले तर आधीच कमी असलेलं पाणी आणखी घटतं. रविवारी कुणी प्रेमानं पांढऱ्या रश्श्यातला तुकडा घेऊन येतं. त्यात कांदा-लसूण असतो, आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एकदा तिचं अंग गरम लागलं तेव्हा कुणीतरी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यायला सांगितलं. ते औषध निकामी करण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच, माणसाची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. म्हाताऱ्या मांजराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, एवढं कळकळीनं सांगते.

खायला कमी फॉस्फरसचं ओलं खाणं. ते तिला आवडत नाही. किंचित कोमट केलं की वास सुटतो, मग चार घास जातात. त्यालाही तिनं तोंड लावलं नाही तर तिला आवडेल ते देते, कारण मांजरानं उपाशी राहणं जास्त वाईट. वजन, खाणं, तिच्या रेतीतले लघवीचे गोळे सगळं वहीत लिहिते. तिचं दुखणं ती सांगत नाही, वही सांगते.

"म्हाताऱ्या मांजरावर एवढा खर्च?" हा प्रश्न रोजचा झालाय. तिनं चौदा वर्षं एका घराला सोबत केली. ते घर बंद झालं म्हणून तिनं रस्त्यावर मरावं, हे मला पटत नाही. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

थांबायचं कधी, हेही मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. म्हणाले, "अंग चाटायची सोडली, आवडीचं खाणंही नको झालं, कोपऱ्यात तोंड करून बसायला लागली, की मला बोलवा." सध्या ती जेवण झाल्यावर अर्धा-अर्धा तास अंग चाटत बसते.

आता रक्तदाब बघायचाय. या आजारात तो वाढू शकतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. मांजराच्या पायाला बसेल एवढा लहान पट्टा कुठल्या दवाखान्यात मिळेल, त्याची चौकशी उद्या राजारामपुरीपासून सुरू करते.