सूर्यकन्येच्या गावी

तापी ही सूर्याची कन्या, असे पुराणे सांगतात. आम्हां बुऱ्हाणपूरकरांच्या बोलण्यात हे नाते इतके रुळले आहे की, गच्चीवर सोलर पॅनेल बसवावयाचे ठरले तेव्हा मातोश्री सहज म्हणाल्या, "आईचे वडील घरी येताहेत, येऊ द्या!" मी मात्र हिशेब पाहिला. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान होते. घरात इन्व्हर्टर व जुनी बॅटरी होतीच.

आषाढ शुद्ध सप्तमी, तापीजयंती. सर्वांची घाटावर जाण्याची गडबड, आणि माझ्या दृष्टीस पडली बॅटरीच्या टोकावर जमलेली पांढरी पूड. ती पुसून मी नट आवळावयास पाना घेतला. बारा व्होल्टने माणूस मरत नाही, असे मी वाचले होते. ते खोटेही नाही. पण पाना एका टोकावर असता हातातील अंगठी दुसऱ्या टोकास टेकली. डोळ्यांपुढे लोळ उठला. बॅटरीचा दाब कमी असला तरी तिच्यातून क्षणभर शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि तेव्हा अंगठी हीच तार होते. तापलेले सोने बोटावरून निघता निघेना. तो वळ आजही आहे.

भाचा तारांचेच काम करतो. मलम लावता लावता तो म्हणाला, "मामा, पूजेला बसताना सदरा उतरवता ना? तशी इथे अंगठी, घड्याळ, साखळी उतरवा. पान्याच्या दांड्याला पट्टी गुंडाळा, दुसरे टोक झाकून ठेवा." मग त्याची दृष्टी वर गेली. बॅटरी देवघराच्या भिंतीलगत, आणि शेजारी अखंड तेवणारा नंदादीप! अशी बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. त्याच दिवशी ती हवेशीर पडवीत गेली. नंदादीप हलविण्याचे धैर्य घरात कोणालाच नव्हते.

पुढे एका वायरीचे वेष्टन उंदराने कुरतडलेले आढळले. मी म्हणालो, "थांब, मेन बंद करतो."

"मामा, सूर्याचा मेन कुठे असतो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उजेड आहे तोवर पॅनेल जिवंतच. आमची आठ पॅनेले एकापुढे एक जोडलेली. त्यांचा दाब तीनशे व्होल्टच्याही वर जातो. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी बहुधा विझते. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेचा. भार चालू असता जोड ओढला तर ठिणगी तुटत नाही, कमानीसारखी ताणली जाऊन जळतच राहते. म्हणून भाच्याने आधी इन्व्हर्टर थांबविला, मग पॅनेलकडचा स्विच उघडला, पॅनेलांवर जाड काळे कापड पसरले. इन्व्हर्टरच्या पोटातला साठा ओसरावा म्हणून तो पुस्तिकेत लिहिलेली मिनिटे घड्याळ पाहत स्वस्थ बसला. इतके करूनही मीटर लावून पाहिल्यावाचून त्याने तारेला बोट लावले नाही. मला ती सावधगिरी सोवळ्याहूनही कडक वाटली, आणि सोवळ्याची थट्टा मी जन्मभर केलेली!

अंगठी सोनाराने पुन्हा घडवून दिली. जिन्यापाशी मी एक खिळा ठोकला आहे. गच्चीवर कामास जाणाऱ्याने अंगावरचे धातू तेथे टांगून जावयाचे. मातोश्री म्हणतात, आजोळी जाताना दागिने उतरविण्याची रीत आपण प्रथमच पाहिली.