बातमीतली भिलाई

भिलाईचं नाव देशभरच्या चॅनेलवर आलं की आमच्या क्वार्टरमधला फोन वाजायला लागतो. एरवी महिनोन्‌महिने इथली आठवण कुणाला होत नाही. इथल्या पोलाद कारखान्याच्या मिलमधून २६० मीटर लांबीचे रूळ मालगाडीवर चढून देशभर जातात, पण त्याबद्दल विचारायला कुणाचा फोन आल्याचं मला आठवत नाही. फोन आले ते १२ जून २०१४ ला, कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण गेले तेव्हा. आणि ९ ऑक्टोबर २०१८ ला.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. मी देवघर आवरायला काढलं होतं. कोक ओव्हनच्या भागात वायूच्या पाइपलाइनवर देखभालीचं काम चालू असताना स्फोट होऊन आग लागल्याचं शेजारच्या मल्याळी आंटींकडून कळलं. त्यांचा मुलगा तिकडेच कामाला. माझे यजमान प्लेट मिलमध्ये, कोक ओव्हनपासून बरेच लांब. कारखान्याचा पसारा एवढा मोठा आहे की एका टोकाला काय झालं ते दुसऱ्या टोकाला कळायला वेळ लागतो. पण त्या क्षणी नकाशा डोक्यात येत नाही. मोबाइल लागत नव्हते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका फाटकांपाशी उभ्या होत्या. कुणी तेलुगू, कुणी बंगाली, कुणी छत्तीसगढी बोलणारी, आणि सगळ्यांची नजर रस्त्याच्या एकाच बाजूला.

यजमानांचा फोन आला. आंटींचा मुलगाही सुखरूप होता, पण त्याच्याबरोबर काम करणारे भाजले होते. मग बसायला कुणालाच वेळ राहिला नाही. सेक्टर नाईनच्या हॉस्पिटलबाहेर गावाकडून आलेले नातेवाईक जमत होते, त्यांच्यासाठी पोळ्या-भाजी करायची होती. रक्त देणाऱ्यांची नावं गोळा करायची होती. एका घरातली दोन लहान मुलं आमच्याकडे आणून ठेवली होती, त्यांना जेवू घालायचं होतं. त्या दिवशी नऊ जण गेले आणि होरपळलेल्यांपैकी आणखी काही नंतरच्या दिवसांत. रात्री आम्ही सगळ्या रडलो. टीव्ही मात्र दिवसभर बंदच राहिला होता.

त्याच दिवशी माझ्या नणंदेच्या, नागपूरच्या ताईंच्या घरी टीव्ही दुपारपासून चालू होता. भावाचा आवाज त्यांनी दुपारीच ऐकला होता, तो बरा आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या रात्रीपर्यंत समोरून उठल्या नाहीत. तोच धूर, त्याच रुग्णवाहिका, तोच हॉस्पिटलचा दरवाजा, खाली सरकणारा तोच आकडा. पुढे कितीतरी आठवडे त्यांची झोप उडाली. मध्यरात्री उठून गॅसची शेगडी तपासायच्या. ‘दादाले म्हण, नोकरी सोड,’ असं मला रोज सांगायच्या. इकडे त्यांचा दादा दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर गेला होता. आंटींचा मुलगाही काही दिवसांनी रुजू झाला. ज्यांनी ते जवळून पाहिलं ते दुःखी होते, संतापलेले होते, पण उभे होते. आणि अडीचशे किलोमीटरवर, धुराचा वाससुद्धा ज्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, त्या ताई मनाने कोसळल्या होत्या.

ताई मुळात घाबरट आहेत, असं नातेवाईक म्हणाले. मला ते पटलं नाही. ज्या बाईने एकटीने दोन मुलं वाढवली, तिला घाबरट कसं म्हणायचं? पुढे २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटानंतरच्या एका पाहणीबद्दल वाचलं, तेव्हा ताईंना न्याय मिळाल्यासारखं वाटलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले होते. स्फोटानंतरच्या आठवड्यात दिवसाला सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. घटनेच्या जागी घटना एकदाच घडते. पडद्यावर ती दिवसातून शंभर वेळा घडते, आणि पाहणाऱ्याच्या हाती करण्याजोगं काहीच नसतं. ताई पोळ्या लाटायला येऊ शकत नव्हत्या. रक्त द्यायला येऊ शकत नव्हत्या. त्यांच्या वाट्याला फक्त पाहणं आलं.

ते वाट्याला येणं म्हणजे काय, हे आम्हाला २०२१ च्या एप्रिलमध्ये कळलं. त्या वेळी आम्ही आपत्तीच्या मधोमध होतो आणि पाहणारेही आम्हीच होतो, कारण दार बंद होतं.

आमच्या दुर्ग जिल्ह्यात करोनामुळे ६ एप्रिलपासून लॉकडाऊन लागला. छत्तीसगढ राज्यात सगळ्यात वाईट स्थिती असलेल्या जिल्ह्यांमध्ये आमचं नाव रोज असायचं. माझे सासरे, नाना, तेव्हा ऐंशी ओलांडलेले. वर्धा जिल्ह्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते इथे आले आणि रेल मिलमध्ये लागले. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली, त्याला फार वर्षं झालेली नव्हती. रशियन इंजिनिअरांबरोबर काम केलेला, उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडाजवळ उभा राहिलेला माणूस. पेपर त्यांचा जुना सोबती. सकाळी चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, घडी घालून ठेवायचे आणि बागेत पाणी घालायला जायचे.

लॉकडाऊनमध्ये संसर्गाच्या धास्तीने पेपर बंद केला आणि त्याची जागा टीव्हीने घेतली. जळत्या चितांचं दृश्य आमच्या दिवाणखान्यात सकाळी सातपासून असायचं. शहर कुठलं ते कधी कधी कळायचंही नाही. दिल्लीची चिता, सुरतेची चिता, इथल्या रामनगर मुक्तिधामाची चिता, सगळ्या एका पडद्यावर एकसारख्या दिसतात. नानांनी बागेत जाणं सोडलं. जेवण अर्ध्यावर आलं. बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आला की दार लावलं आहे ना, हे बघायला ते उठायचे.

पण मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. नाना करोनाबद्दल फारसं बोलतच नव्हते. बोलायचे ते क्वार्टरच्या लीजच्या कागदांबद्दल. ‘ते कागद कुठं हायेत? मले त्याची भीती वाटून राह्यली.’ कागद कपाटात होते, दाखवले, परत ठेवले. संध्याकाळी पुन्हा तेच. मग पुण्यातल्या नातवाची नोकरी. मग गावाकडच्या शेताची वाटणी, जी मिटून वीस वर्षं झाली होती. रोज एखादी जुनी, निजलेली काळजी उठून बसायची आणि रात्रीपर्यंत घराच्या छपराएवढी व्हायची.

याचंही उत्तर मला एका प्रयोगात सापडलं. ब्रिटनमध्ये वेंडी जॉन्स्टन आणि ग्रॅहम डेव्ही यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. चौदा मिनिटांची बातमीपत्रं तीन तऱ्हेने जोडली होती: चांगल्या बातम्यांचं, साध्या बातम्यांचं, वाईट बातम्यांचं. वाईट बातम्या पाहिलेले लोक जास्त उदास आणि चिंतातुर झाले, हे कुणीही ओळखलं असतं. पण त्यांनी नंतर स्वतःच्या खासगी काळज्यासुद्धा, ज्यांचा त्या बातम्यांशी काही संबंध नव्हता, जास्त भयंकर करून पाहिल्या. चौदा मिनिटांनी एवढं होतं. नाना दिवसभर पाहत होते. लीजचे कागद म्हणजे नानांचं वय झाल्याची खूण नव्हती. चितांची आग त्या कागदांना लागली होती.

त्या दिवसांतल्या बातमीदारांना मी दोष देत नाही, हे इथेच सांगते. गुजरातेत ‘संदेश’चे बातमीदार हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर रात्रभर उभे राहून मृतदेह मोजत होते. ‘दिव्य भास्कर’ने मृत्यूचे दाखले मोजले आणि सरकारी आकडा किती तोकडा आहे ते दाखवलं. ती माणसं नसती तर आपल्याशी खोटं बोललं गेलं आहे हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. वाईट बातमी लपवावी, असं भिलाईत राहणारी बाई तरी म्हणणार नाही. इथे गळती लपली तर माणसं मरतात. मला खुपतं ते वेगळं आहे. छापलेली बातमी वाचून संपते. शेवटचं पान येतं, घडी घातली जाते, माणूस बागेत जातो. नानांना याच गोष्टीसाठी माधवराव सप्रे आठवायचे. घरात मराठी बोलणाऱ्या या माणसाने १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, याचा नानांना फार अभिमान. ‘महिनाभराचं वाचायचं अन् महिनाभर विचार करायचा,’ असं ते म्हणायचे. चॅनेलला शेवटचं पान नाही. तिथे विचाराला जागाच ठेवलेली नाही, आणि माणूस उठून गेला तर त्यांचं नुकसान आहे.

उठू नये म्हणून काय करायचं, हेही आता मोजून झालं आहे. इंटरनेटवरच्या हजारो मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात आला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की तो उघडणारे लोक सुमारे २.३ टक्क्यांनी वाढतात.

आमच्या घरात फरक पडला तो माझ्या मुलीमुळे. तिने टीव्ही बंद करा असं आजोबांना सांगितलं नाही. तिने त्यांची जुनी, काळ्या पुठ्ठ्याची फोन नंबरांची डायरी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘नाना, रेल मिलचे तुमचे लोक एकेकटे राहतात ना? विचारा तरी कसे आहेत.’ पहिल्या दिवशी त्यांनी डायरी उशाशी ठेवून दिली. नंतर एक फोन लावला, मग दुसरा. रिसालीत एक जुने सोबती बायकोबरोबर दोघेच होते, मुलगा बंगळुरूला अडकलेला, रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या. नेहरूनगरात एक जण आजारी होता आणि जेवण देणारं कुणी नव्हतं. नाना नावापुढे खुणा करायला लागले. यजमान ड्युटीवरून येताना गोळ्या पोचवायचे. मराठी मंडळातली तरुण मुलं डबे नेत होती, त्यांना नाना पत्ते सांगायचे: कुठला सेक्टर, कुठली सडक, फाटकाजवळ कडुनिंब आहे की आंबा.

त्या डायरीतल्या बातम्या चांगल्या होत्या असं मुळीच नाही. काही नंबर कुणी उचलले नाहीत. काही ठिकाणी सुनेने उचलले आणि रडत सांगितलं. ज्यांच्याबरोबर तीस वर्षं शिफ्ट केली अशी माणसं त्या पंधरवड्यात गेली, आणि नानांना ते चॅनेलवरून नव्हे, त्यांच्या घरच्यांच्या तोंडून कळलं. मला वाटलं होतं, आता हे खचतील. ते रडले. मग त्या घरी पुन्हा फोन करून दाखल्याचं काय, पेन्शनचा अर्ज कसा करायचा, कुठल्या कागदाच्या किती प्रती लागतात, हे समजावून सांगितलं. टीव्हीवर अनोळखी चितांनी जो माणूस मोडत चालला होता, तो स्वतःच्या मित्रांच्या मरणाच्या बातम्या पेलत होता. लीजच्या कागदांची चौकशी थांबली. कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

याच दिवसांत त्यांना कुणीतरी फोनवर ऑक्सिजनचं सांगितलं. पोलाद करायला शुद्ध ऑक्सिजन लागतो, म्हणून हवा थंड करून तो वेगळा काढण्याचे प्लांट इथे आहेतच. आता तिथला द्रवरूप ऑक्सिजन टँकरमध्ये भरून हॉस्पिटलांकडे जात होता. नागपूरलाही जात होता. केंद्राने महाराष्ट्राचा भिलाईहून मिळणारा वाटा दिवसाला ११० टनांवरून ६० वर आणला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो पूर्ववत करायला सांगितलं होतं. नानांनी ताईंना फोन लावला. ‘तुमच्या नागपूरच्या दवाखान्यात आमच्या भिलाईचा वारा जाऊन राह्यला, समजलं का?’ त्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. ताईंच्या वॉर्डातही डबे लागत होते. त्यांनी स्वयंपाकाचं काम घेतलं, आणि त्या वेळी टीव्हीसमोर बसून राहिल्या नाहीत.

पेपर पुन्हा सुरू झाला. पुढची गोष्ट नाना चौऱ्याऐंशीच्या घरात होते तेव्हाची: ९ एप्रिल २०२४, पाडव्याची रात्र. गुढी उतरवून ठेवली होती. कुम्हारीजवळ कामावरून घरी परतणाऱ्या कामगारांची बस मुरमाच्या खाणीच्या खड्ड्यात कोसळली. दुसऱ्या दिवशी पेपरभर चेपलेल्या बसचे फोटो होते. चॅनेलवर तो खड्डा दिवसभर दिसत राहिला आणि त्यानंतर दिसेनासा झाला. आंटींच्या घरी काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, आता त्या रस्त्याने मुलाला कामाला पाठवायला जीव धजत नाही. पण पाठवणार नाही तर खाणार काय?

नानांनी काही दिवस पेपर चाळला, आतली पानंसुद्धा. मग पॅड मागितलं आणि संपादकांना पत्र लिहिलं, थरथरत्या पण वळणदार अक्षरात, हिंदीत. बसचा फोटो आम्ही पाहिला, असं त्यात होतं. आता हे छापा: मुरूम तिथून कुणी काढला, परवाना कुणाच्या नावावर होता, रस्त्याच्या कडेला कठडा बांधण्याची जबाबदारी कुणाची होती, जिल्ह्यात असे उघडे खड्डे आणखी कुठे कुठे आहेत, आणि ज्या घरांतली माणसं गेली त्यांना काय मिळालं. म्हणजे ज्यांना त्या रस्त्याने रोज जायचं आहे, त्यांना काय मागायचं ते कळेल.

पत्र छापून आलं नाही. नानांनी तेच पुन्हा उतरवून काढलं, वर नवीन तारीख घातली आणि मुलीला पोस्टात टाकायला दिलं.